लाखनीत अडकलेले तीस डॉलर

खेळ आटोपून मुलगा बाहेर पडला की पडद्यावर एक पान उमटत असे. सगळे इंग्रजीत. या खेळाचा पहिला भाग आम्ही तुम्हाला फुकट दिला आहे, तो मित्रांनाही द्या. आवडला असेल तर पुढचे दोन भाग मागवा. इतके इतके डॉलर अमुक पत्त्यावर पाठवा. चेक चालेल, क्रेडिट कार्ड चालेल, नाहीतर सरळ फोन करा, फोनचा खर्च आमचा. लाखनीच्या कॉम्प्युटर क्लासात हे पान दिवसातून वीस-पंचवीसदा तरी येत असेल आणि एकदाही पुरते वाचले जात नसेल. खुर्चीमागे पुढचा पोट्टा नंबर लावून उभाच असे. तो हात लांब करून कुठलेतरी बटण दाबी आणि पान नाहीसे होई.

मी ते पूर्ण वाचले, कारण पैसे मागणारा कुठलाही मजकूर शेवटपर्यंत वाचायची सवय मला बँकेने लावली होती. त्यात वसुलीची भाषा नव्हती. मुदत नव्हती, व्याज नव्हते, वकिलाचे नाव नव्हते. माल आधीच गिऱ्हाइकाच्या घरात होता आणि दुकानदार दोन समुद्रांपलीकडून हात जोडून म्हणत होता, पटले तर द्या. अशा धंद्यावर कुणी जगत असेल यावर माझा विश्वास बसेना.

लाखनी हे भंडारा आणि साकोली यांच्यामधले गाव, नागपूरपासून ऐंशीएक किलोमीटर. तेव्हा साकोली तालुक्यात मोडत असे, आता स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. मुंबई-कोलकाता हायवे, त्या काळचा सहा नंबर, गावातूनच जातो. आजूबाजूला धानाची शेते आणि राइस मिला. १९९२ ते ९५ या काळात मी तिथल्या शाखेत अधिकारी होतो. शाखेत कॉम्प्युटर नव्हता; लेजरे पाठीवर वाहावीत इतकी जड होती. कॉम्प्युटर होता तो हायवेला लागून एका किराणा दुकानाच्या माडीवर. दोन मशीन, त्यांवर प्लॅस्टिकची झाकणे, खिडकीला जाड पडदे, चपला बाहेर. डॉस, वर्डस्टार आणि लोटस शिकवत. मुले मात्र संध्याकाळी सात नंतर येत. तेव्हा तासाला दहा रुपये घेऊन खेळ लावून देत. मध्येच लाइन गेली तर उरलेल्या मिनिटांचा हिशेब कसा करायचा, यावरून जी भांडणे होत त्यातली एकदोन सोडवायला मलाही बोलावले होते. बँकेतला माणूस म्हणून.

मुंबई-पुण्यात काही घरांत याआधीच कॉम्प्युटर आले होते. इंग्लंडातल्या सिंक्लेअर कंपनीचे छोटे यंत्र ऐंशीच्या दशकात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने परवाना घेऊन भारतात विकले. ते टीव्हीला जोडायचे आणि खेळ टेपरेकॉर्डरच्या कॅसेटमधून भरायचे. लाखनीत कुणाच्या घरी असे काही असल्याचे मी ऐकले नाही. इथे गावभराचा घरचा कॉम्प्युटर म्हणजे ती माडीवरची खोली.

आता या धंद्याचे मूळ. त्याला ‘शेअरवेअर’ म्हणत. १९९२ साली हर्षद मेहता प्रकरण गाजत असल्यामुळे ‘शेअर’ हा शब्द बँकेत कुणी मोठ्याने उच्चारत नसे, पण या शेअरचा शेअर बाजाराशी संबंध नाही. वाटून घेणे, एवढाच अर्थ. १९८२ मध्ये अमेरिकेत दोन माणसांनी एकमेकांना न ओळखता हीच युक्ती काढली. एक अँड्र्यू फ्लुगेलमन, वकिली सोडून प्रकाशनाकडे वळलेले गृहस्थ. दुसरे जिम नॉफ, आयबीएममधले नोकरदार. दोघांनी आपापल्या कामासाठी प्रोग्रॅम लिहिले, मित्रांना दिले, मित्रांनी पुढे दिले. नॉफ यांना सुधारलेल्या प्रती सगळ्यांना पाठवत बसणे परवडेना. दोघांनीही प्रोग्रॅममध्येच विनंती घातली: उपयोग होत असेल तर थोडे पैसे पाठवा. पैसे आले. नॉफ यांच्याकडे इतके आले की पुढे त्यांनी नोकरी सोडली.

तिसरे बॉब वॉलेस, मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेले. ‘शेअरवेअर’ हा शब्द रूढ केला तो त्यांनी, १९८३ मध्ये. त्यांची योजना मला फार आवडते. त्यांच्या लेखन-प्रोग्रॅमची जो नोंदणी करी त्याला स्वतःचा क्रमांक मिळे. त्याच्या प्रतीवरून दुसऱ्या कुणी नोंदणी केली, की पहिल्याला पंचवीस डॉलर कमिशन. म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईक एलआयसीचा एजंट! नक्कल करणाऱ्याला चोर न म्हणता त्यांनी त्याला विक्रीखात्यात घेतले.

पण हे झाले कामाचे प्रोग्रॅम. हिशेब ठेवणारा माणूस, आज ना उद्या, पैसे देतो. खेळून कंटाळलेला माणूस कशाला देईल? टेक्सासात गारलंड नावाच्या गावी स्कॉट मिलर नावाच्या तरुणाला हा अनुभव आला होता. त्याने आधी खेळ पूर्ण देऊन खुशीने पैसे मागून पाहिले. फारसे आले नाहीत. मग १९८७ मध्ये ‘क्रॉझ’ नावाच्या खेळाचे त्याने तुकडे केले. पहिला तुकडा फुकट, पुढचे विकत. आपल्याकडे मासिकांतून कादंबऱ्या वर्षानुवर्षे याच एका शब्दावर चालल्या: क्रमशः. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे या शब्दाची ताकद जाणून आहे. वाचकाला वाटते की लेखक पुढे लिहीत असेल. लेखक बहुधा संपादकाच्या चेकची वाट बघत असतो.

मिलरने आणखी एक गोष्ट केली. लुइझियाना राज्यात श्रीव्हपोर्ट या गावी सॉफ्टडिस्क नावाची कंपनी दरमहा वर्गणीदारांना खेळांच्या फ्लॉप्या पाठवी. तिथे जॉन रोमेरो नावाचा एक हुशार मुलगा कामाला होता. त्याला फोडायचे तर कंपनी पत्रे तपासत असणार. म्हणून मिलरने चाहता बनून वेगवेगळ्या नावांनी त्याला पत्रे लिहिली. रोमेरो खूष झाला, पत्रे भिंतीवर लावली, आणि एके दिवशी त्याच्या लक्षात आले की नावे निरनिराळी असली तरी पत्ता एकच आहे, गारलंडचा. आमच्या बँकेत बोगस कर्जप्रकरणे नेमकी अशीच सापडत.

त्या ओळखीतून मिलरने दोन हजार डॉलरचा चेक आगाऊ पाठवला आणि रोमेरो, जॉन कारमॅक, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक यांनी ‘कमांडर कीन’ हा खेळ केला. कंपनीचे कॉम्प्युटर शनिवार-रविवारी गाडीत घालून घरी न्यायचे आणि सोमवारी परत आणून ठेवायचे, असे ते काम चाले. १४ डिसेंबर १९९० रोजी पहिला भाग बाहेर पडला. आठ वर्षांचा बिली घरातल्या सामानातून अंतराळयान बनवतो, मंगळावर अडकतो, यानाचे चोरीला गेलेले भाग शोधतो आणि रात्री घरी येऊन पांघरुणात शिरतो, तर वर शत्रूचे जहाज पृथ्वीवर नेम धरून उभे. इथे पहिला भाग संपतो. क्रमशः! महिन्याभरात या चौघांच्या हाती साडेदहा हजार डॉलरचा पहिला चेक पडला. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली, ‘इड सॉफ्टवेअर’. १९९२ चा ‘वूल्फेनस्टाइन’ आणि १० डिसेंबर १९९३ चा ‘डूम’ हे त्यांचेच. डूमचे पहिले नऊ टप्पे फुकट, पुढचे हवे तर चाळीस डॉलर. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ज्या यंत्रावर तो ठेवायचा ठरला, तिथे इतकी गर्दी उसळली की यंत्रच कोलमडले.

लाखनीला हे सगळे लाल डब्यातून येई. नागपूरहून कुणीतरी आणायचा, शर्टच्या खिशात फ्लॉपी, वर रुमाल, कारण ऊन लागले तर जाते अशी समजूत होती. एका फ्लॉपीवर दीड मेगाबाइटहून कमीच मावे. डूमचा फुकट भाग दाबून दाबून दोन फ्लॉप्यांत बसे आणि दुसरी खराब निघाली की पुन्हा नागपूर. क्लासवाल्यांकडे अशा फ्लॉप्यांची एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात शेअरवेअर होते तसे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ही होते, जे ब्रॉडरबंड कंपनी दुकानात पैसे घेऊन विके आणि ज्याची नक्कल करणे हा गुन्हाच होता. ‘डिगर’ होता, १९८३ चा. हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या सैनिकांना टिपण्याचा ‘पॅराट्रूपर’ होता. तो ग्रेग कुपरबर्ग नावाच्या शाळकरी मुलाने १९८२ मध्ये लिहिला होता आणि हा मुलगा पुढे कॅलिफोर्नियात गणिताचा प्राध्यापक झाला. ‘डेव्ह’ होता, रोमेरोनेच केलेला. या डेव्हची एक गंमत आहे. कीनच्या आधी कारमॅक आणि हॉल यांनी एका रात्रीत जपानी ‘मारिओ’ खेळाची हुबेहूब नक्कल पीसीवर उतरवली, मारिओच्या जागी डेव्हला उभे केले आणि त्या नमुन्याला नाव दिले ‘कॉपीराइट भंग’. नक्कल करण्यापासून यांचीही सुटका नव्हती.

मुद्दा असा की त्या पेटीत वाटायला परवानगी असलेला माल आणि चोरीचा माल शेजारी शेजारी, एकाच रंगाच्या फ्लॉपीत, एकाच बॉलपेनने नाव लिहून ठेवलेला असे. मुलांना फरक कळायचा काही मार्गच नव्हता. मोठ्यांनाही नव्हता. कॉम्प्युटर प्रोग्रॅमला कॉपीराइट कायद्याचे संरक्षण १९८४ मध्ये मिळाले. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद, हे कलम लागू झाले १० मे १९९५ पासून. लाखनीत ते कुणाला लागू झाल्याचे ऐकिवात नाही.

एका मुलाने मात्र ते शेवटचे पान वाचले. १९९३ ची दिवाळी नुकतीच झाली होती, धानाची कापणी चालू होती. अकरावीतला मुलगा, वडील प्राथमिक शिक्षक. काउंटरला येऊन त्याने वहीचा कागद पुढे केला. त्यावर गारलंडचा पत्ता आणि कीनच्या तिन्ही भागांची किंमत, तीस डॉलर. स्पेलिंगसुद्धा पडद्यावर बघून बिनचूक उतरवले होते.

“साहेब, याचा डीडी भेटते का?”

“कशाचे पैसे आहेत हे?”

“खेळाचे. ते म्हणतात आवडला तर द्या. मले आवडला.”

मी त्याला खुर्ची दिली. त्या वर्षी डॉलर एकतीस रुपये सदतीस पैशांना होता. तीस डॉलर म्हणजे नऊशे एकेचाळीस रुपये. साध्या धानाचा सरकारी हमीभाव क्विंटलला तीनशे दहा. म्हणजे तीन क्विंटल धान एका खेळासाठी. मी हे त्याला मोडून सांगितले. तो म्हणाला, माहीत आहे, शिष्यवृत्तीचे आहेत, काही मामाने दिलेत. पैशांचा प्रश्न त्याने सोडवला होता.

प्रश्न होता तो फेराचा. परकीय चलन नियमन कायदा, १९७३. रिझर्व्ह बँकेची परवानगी असल्याखेरीज अधिकृत डीलर सोडून कुणालाही परकीय चलन घेता-देता येत नसे, आणि आमची शाखा अधिकृत डीलर नव्हती. अशी कामे नागपूरला होत. त्यासाठी फॉर्म, फॉर्ममध्ये कारण, कारणाला पुरावा, आणि कारण नियमांच्या जाड पुस्तकात कुठेतरी बसायला हवे. परदेशी शिक्षणाची फी बसे, औषधोपचार बसे. मी नागपूरच्या एका ओळखीच्या अधिकाऱ्याला ट्रंक कॉल लावला. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, “खेळ? कारणाच्या रकान्यात खेळ लिहू? बिल कुठं आहे?” बिल नव्हते. बिल म्हणजे ते पडद्यावरचे पान. कागदावर उतरवलेले, विद्यार्थ्याच्या अक्षरात. “शिवाय माल त्याच्याकडे आलेलाच आहे म्हणतोस, मग पैसे कशाचे?”

याला उत्तर होते, पण ते पुस्तकात नव्हते. आमच्या गावातला किराणावाला शेतकऱ्याला पेरणीच्या दिवसांत माल देतो आणि धान निघाल्यावर पैसे घेतो. वहीत लिहिले एवढाच पुरावा. हा व्यवहारही तसाच. फरक एवढाच की किराणावाल्याला गिऱ्हाइकाचे घर माहीत असते. गारलंडच्या माणसाला लाखनी नावाचे गाव जगात आहे हेही माहीत नव्हते. आणि तरी उधारी फेडायला एक मुलगा बँकेत आला होता.

मी त्याला नाही म्हणून सांगितले. अमेरिकेत कुणी नातेवाईक आहे का, असे विचारले. त्याने मान हलवली. पुढच्या महिन्यात क्लासवाल्यांच्या पेटीत कीनचा दुसरा आणि तिसरा भाग दाखल झाला, सीताबर्डीतून, फ्लॉपीच्या किमतीत. त्या मुलाने दोन्ही भाग नाताळच्या सुटीत पुरे केले. पैसे द्यायला रस्ता नव्हता, चोरीला मात्र सहा नंबरचा हायवे होता. नऊशे रुपयांची त्याने जुनी सायकल घेतली आणि ती घेऊन तो मला दाखवायला आला. खेळाविषयी आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आपल्याकडे कॉम्प्युटरवाले बेइमान, फुकटे, असे जे सरसकट बोलले जाते ते मला म्हणूनच अर्धवट वाटते. फुकटे होतेच, भरपूर होते. पण त्या काळात इमानदारीला काउंटरच उघडा नव्हता, हे कुणी सांगत नाही. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला, फेरा जाऊन १ जून २००० पासून फेमा आला, २००४ मध्ये सामान्य माणसाला वर्षाला पंचवीस हजार डॉलर बाहेर पाठवायची मोकळीक मिळाली. तोवर फुकट वापरायची सवय हाडीमाशी खिळली होती.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला उलट घडत होते. एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता, आणि डॉलरचा दुष्काळ तिथे आपल्याहून मोठा. तिथल्या यान टालिन, आहती हेइनला आणि प्रीत कासेसालू या शाळासोबत्यांनी ‘कोस्मोनॉट’ नावाचा खेळ करून परदेशात विकला. तोच सुधारून १९९३ मध्ये ‘स्कायरोड्स’ झाला. अवकाशातल्या तुटक्या रस्त्यांवरून गाडी उडवायची. लाखनीच्या पेटीत तोही होता. हेच तिघे पुढे २००३ मध्ये ‘स्काइप’ उभारणाऱ्यांत होते. परदेशी गेलेल्या मुलांची तोंडे कितीतरी मराठी आईबापांनी त्यावर पाहिली. २०२५ मध्ये ते बंद झाले. डॉलर आत यायला त्यांच्या देशात वाट निघाली. आमचा मुलगा बाहेर पाठवायची वाट शोधत होता.

फ्लॉपीबरोबर आणखी एक पाहुणा येई. १९९० मध्ये भारतात एक व्हायरस सापडला, त्याचे नाव ‘जोशी’. वर्षभर गप्प बसायचा आणि ५ जानेवारीला मशीन अडवून म्हणायचा, ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टाइप करा. टाइप केले की वाट मोकळी. इतका सोवळा खंडणीखोर दुसरा झाला नसेल. खेळांच्या फ्लॉप्या या हातातून त्या हातात फिरत, तसे हे जोशीबुवाही फिरत. १९९५ नंतर माझ्या पुढच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा पहिले परिपत्रक बाहेरची फ्लॉपी आत आणू नये हेच होते. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी याच रोगराईवर औषध शोधले. १९९५ चे त्यांचे ‘क्विक हील’ पुढे देशभर गेले. फुकट्यांच्या फ्लॉप्यांतून एक मराठी उद्योग उभा राहिला, असेही म्हणता येईल.

सीडी आल्या तशी फ्लॉपीची पेटी मागे पडली. १९९८ पासून निघालेल्या ‘चिप’सारख्या मासिकांबरोबर सीडी येई, तिच्यात शेअरवेअर भरून असे. मग इंटरनेट. डूमच्या कर्त्यांनी डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा मूळ मजकूर वाचायला खुला केला. मिलरच्या कंपनीने २००९ मध्ये क्रॉझचे सर्व भाग फुकट केले. बावीस वर्षांपूर्वी जो ‘क्रमशः’ होता तो समाप्त झाला.

माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षे भंडारा जिल्ह्यातच गेली. २०१८ साली एक बाई पासबुक घेऊन आल्या. खात्यातून कधी दहा, कधी ऐंशी, कधी तीनशे रुपये गेलेले, अशा बावीस नोंदी. मुलाच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये खेळ, खेळात बंदुकीला रंग लावायचे पैसे. खेळ फुकट होता. मुलगा शेजारीच उभा होता, सहावी-सातवीतला.

बाईंनी त्याला माझ्यासमोर विचारले, “हा खेळ संपते तरी कधी?”

“संपत नाही तो,” तो म्हणाला. तिला हे माहीत कसे नाही याचेच त्याला नवल वाटत होते.

मी तक्रारीचा फॉर्म काढून दिला. खाली रकाना होता, व्यवहाराचे कारण. काय लिहू, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, खेळ लिहा.